सगुणाने धाडलेला पंप

॥ श्री ॥

मु. खारवाडी, ता. पेण
२० ऑगस्ट २०२४

चि. सगुणा हिस हिरामणचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

चि.च्या पुढे काय लिहावं ते समजत न्हाय. सेहेचाळीस वर्षं चि. सौ. लिहिलं. आता ते दुसरं लिहायला हात धजत न्हाय, म्हणून नुसतं चि. लिहिलं हाय. सहासष्ट वर्षांची झालीस तरी माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहानच. राग मानू नको.

परवा तू निकेतच्या फोनवर बोललीस. त्याने स्पीकर लावून माझ्या कानाला धरला, पण मला नुसती खरखर आली. डॉक्टर म्हणतो, चाळीस वर्षं इंजिनाशेजारी बसलात, आता कान परत मागू नका. त्या मोबाईलवर अक्षरं दाबायला गेलो तर एका बोटाखाली तीन येतात. तेव्हा तू पत्रच लिहीत जा. पोस्टमन आला की कुत्रा भुंकतो, ते मला दिसतं.

मुख्य गोष्ट म्हणजे बाबांची गाडी. तीच, पुढे नाक असलेली, जिने तीस वर्षं मिठागरातलं मीठ वाहिलं आणि जिचा अर्धा पत्रा मिठानेच खाल्ला. तुला सासरी सोडायला मीच ती श्रीवर्धनपर्यंत नेली होती. आता निकेत म्हणतो, अंगणातली जागा त्याला ट्रेलरसाठी पाहिजे. न्हावा शेव्याला त्याचे तीन ट्रेलर चालतात. त्याने सांगितलंय, घटस्थापनेपर्यंत गाडी आपल्या इंजिनावर फाटकाबाहेर गेली तर ठेवू, न्हायतर भंगारात. पोरगा वाईट न्हाय. रविवारी येतो, फ्रीजमध्ये डबे भरून ठेवतो, बाप हालचाल करतो का बघतो आणि उलव्याला परत जातो.

तू म्हणतेस मुराळी न्यायला आल्याशिवाय माहेरी पाऊल टाकणार न्हाय. बरोबर हाय, आपल्यात तशी रीतच हाय. पण सात वर्षं झाली. आधी रामचंद्रराव आजारी, मग माझी गोदू गेली, मग रामचंद्रराव गेले. या दिवाळीला मी तुझा मुराळी होऊन येणार आणि याच गाडीतून तुला आणणार. एसटीतून बहीण आणायला मी काय पाहुणा हाय?

पण गाडी मरते. डिझेल चढवायचा हातपंप मारला की चालू होते, चार मिनिटं चालते आणि बंद. मला ऐकू येत न्हाय, मडगार्डावर तळहात ठेवला की कळतं. आधी थरथर, मग अडखळ, मग काहीच न्हाय. पेणचा मेकॅनिक म्हणाला, असला डिझेलचा पंप आता कोण खोलतो. मी म्हटलं, आमच्या बहिणीच्या घरात जन्मभर पंपच खोलले. तू रामचंद्ररावांशेजारी बसून सगळं धुऊन ओळीत मांडायचीस. आता तूच सांग.

लोभ हाय तेवढा सांभाळ, वाढवायचं वय गेलं.

तुझा दादा,
हिरामण


॥ श्री ॥

श्रीवर्धन
२७ ऑगस्ट २०२४

ती. दादास सगुणाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. नुसतं चि. फार बरं वाटलं, तेच लिहीत जा. इथे बँकेपासून सगळे मला ते दुसरंच लिहितात, दर वेळी नव्याने सांगितल्यासारखं.

आता गाडीचं. तू मेकॅनिककडे गेलास आणि तेलाची कांडी काढून बघितली नाहीस, शहाणाच आहेस. इंजिनाची तेलकांडी काढ, पूस, परत घालून काढ. तेल खुणेच्या वर चढलेलं आहे का बघ. मग ते बोटावर घेऊन वास घे. डिझेलचा वास आला तर समज, पंपाच्या आतला रबरी पडदा फाटलाय. तो पडदा वर-खाली होऊन टाकीतलं डिझेल ओढतो. फाटला की वर पुरत नाही आणि उरलेलं खाली इंजिनाच्या तेलात उतरतं. तसं असेल तर गाडी अजिबात चालू करू नकोस. पातळ तेलावर बेअरिंगं जातात. हे कितीतरी बोटवाल्यांना ओरडायचे, ऐकत नसत, मग इंजिन उरापोटावर घेऊन दुकानात यायचे.

दुकानाचा गाळा भाड्याने दिला हे तुला माहीत आहे. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पण यांची पत्र्याची पेटी मी माळ्यावर ठेवली आहे, ती कुणाला दिली नाही. तेल बघून लगेच कळव.

मुराळ्याचं लिहिलंस ते वाचून हसले आणि नंतर बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. वाडीतल्या सुपाऱ्या यंदा बऱ्या आहेत. रुचिका ‘आई, ठाण्याला ये’ म्हणून रोज फोन करते. मी उद्या-परवा करते आहे.

गोदू वहिनीच्या फोटोला माझा नमस्कार सांग. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
सगुणा


॥ श्री ॥

खारवाडी
४ सप्टेंबर २०२४

चि. सगुणा हिस आशीर्वाद. वि. वि.

तू तिकडे बसून ओळखलंस. तेल दोन बोटं वर, आणि वास असा की विडी पेटवायची भीती वाटली. पंप खोलला. पडदा मधोमध चिरलाय. चार ठिकाणी माणूस पाठवला, असा पडदा कुठेच मिळत न्हाय. मग मी सायकलची जुनी ट्यूब कापून बसवली. पहिल्या दिवशी गाडी वीस मिनिटं चालली. मी मडगार्डावर हात ठेवून उभा राहिलो आणि सगुणे, लाज वाटते सांगायला, डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ट्यूब फुगून पापडासारखी झाली.

शनिवारी गणपती. निकेत दीड दिवस येणार. मग परत मी आणि कुत्रा. गोदू असताना मला वाटायचं, ही किती बोलते. आता ऐकू येत न्हाय, पण कुणी बोलतंय हे दिसलं तरी पुष्कळ झालं असतं.

पेटी बघ. काही मिळालं तर मिळालं.

लोभ असो म्हणायची गरज न्हाय, तू लहानपणापासून लोभीच.

हिरामण


॥ श्री ॥

श्रीवर्धन
१ ऑक्टोबर २०२४

ती. दादास साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र निराळं टाकत नाही, खोक्यातच सगळ्यात वर ठेवते. म्हणजे तू आधी वाचशील आणि मग पाना उचलशील. तुझी घाई मला माहीत आहे. सायकलची ट्यूब म्हणे! डिझेलमध्ये ते रबर फुगतं हे शेंबड्या पोराला कळतं.

उशीर झाला त्याचं कारण, पेटीतला पंप मिळाला पण त्याचं तोंड तुझ्या इंजिनाला बसणारं नव्हतं. इथल्या लेथवाल्याकडून मधली पट्टी करून घेतली, तो यांचाच शिष्य. हा पंप पडद्याचा नाही, दट्ट्याचा आहे. आत पोलादी दट्ट्या वर-खाली होतो. रबराचा पडदाच नाही, तेव्हा फाटायला काही नाही. पडद्याचा विषय आता डोक्यातून काढून टाक. पट्टीच्या दोन्ही बाजूंना कागदी वॉशर लाव, दोन्ही बोल्ट थोडे थोडे करून सारखे आवळ, इंजिनाचं तेल बदल. फिल्टरचा हवेचा स्क्रू ढिला करून हातपंप मार. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. तेव्हाच स्क्रू आवळ, आधी नाही.

आता दुसरं. हे तुझ्यासमोर बसून मला बोलता येणार नाही, आणि तुला ऐकूही येणार नाही, म्हणून लिहिते.

मला दिवाळीचे चार दिवस नेऊन परत आणून सोडू नकोस. मला इथे राहवत नाही रे. परवा संध्याकाळी लक्षात आलं की सकाळपासून मी तोंडच उघडलेलं नाही. मुद्दाम स्वतःचं नाव मोठ्याने घेऊन बघितलं, तर आवाज घोगरा आला. रुचिकाकडे पंधरा दिवस राहून आले. पोर चांगली आहे, जावईही चांगले, दोघं आठला निघतात आणि आठला येतात. तिथेही एकटीच, फक्त अकराव्या मजल्यावर.

मला पोपटीपर्यंत तुझ्याकडे राहू देशील का? जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या, मडकं लागलं, पोपटी खाल्ली की मी परत येईन. भाकऱ्या मी भाजेन. तुझ्याशी पाटीवर लिहून बोलेन. निकेतला विचार. जमत नसेल तर नाही म्हणून लिही, मला वाईट वाटेल पण मी रुसणार नाही. फक्त उत्तर दे, दादा. गाडीच्या भानगडीत हे विसरू नकोस.

आहे तशीच माया ठेव.

तुझी,
सगुणा


॥ श्री ॥

खारवाडी
१० ऑक्टोबर २०२४

चि. सगुणा हिस आशीर्वाद. वि. वि.

खोकं सोमवारी मिळालं. बरंच जड होतं, एवढं पोस्टापर्यंत कुणी नेलं? तुझे गुडघे दुखतात ना?

पंप बसवला. गाडी चालू झाली, पण पडदा जरा कडक वाटतो. डिझेल कमी ओढतो. नव्या पडद्याला काही करायचं असतं का? रामचंद्रराव काहीतरी करायचे असं अंधुक आठवतं. सविस्तर लिही, मला घाई न्हाय. निकेतने मुदत दिवाळीपर्यंत वाढवून दिली हाय.

इकडे भात पिवळं पडायला लागलंय. दसऱ्याला सोनं वाटायला शेजारचे दोघं आले होते गेल्या वर्षी, यंदा बघू. कुत्रा बरा हाय. आणखी विशेष काही न्हाय.

पत्राची वाट बघतो.

हिरामण


॥ श्री ॥

श्रीवर्धन
१६ ऑक्टोबर २०२४

ती. दादास नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही बघितलं.

नवा पडदा कडकच असतो. आदल्या दिवशी डिझेलमध्ये भिजत घालावा. मग पंपाच्या दोन्ही भागांवर आधी खूण कर, म्हणजे परत जुळवताना फिरणार नाहीत. सहाही स्क्रू नुसते टेकव. मग पंपाचा दांडा पूर्ण दाबून धर आणि तसाच दाबलेला असताना समोरासमोरचे स्क्रू जोडीने आवळत जा. दांडा न दाबता आवळलंस तर पडद्याला ओढ राहते आणि तो महिन्याभरात त्याच जागी फाटतो. हे नेहमी दांडा मला दाबायला लावायचे. माझा अंगठा दुखायचा, पण मी सांगत नसे, कारण सांगितलं असतं तर त्यांनी माणूस ठेवला असता.

इथे सगळं ठीक. आणखी काही लिहायचं राहून गेलं असेल तर लिही, दादा.

तुझी,
सगुणा


॥ श्री ॥

खारवाडी
२१ ऑक्टोबर २०२४

चि. सगुणा हिस आशीर्वाद. वि. वि.

तू लिहिलंस तसंच केलं. पडदा भिजवला, खुणा केल्या, एका हाताने दांडा दाबून दुसऱ्या हाताने स्क्रू आवळले. दोन माणसांचं काम एकट्याने करायला सकाळची दुपार झाली. गाडी छान चालू झाली. फाटकाबाहेर काढली, बांधापर्यंत नेली, वळवून परत लावली. बांधावर दोन बगळे होते, ते उडाले.

पण आता पडद्याखालचं स्प्रिंग दमल्यासारखं वाटतं. त्याचं काय करायचं ते लिही. या पंपाचं काही खरं न्हाय, दिवाळीला माझं यायचं जमेल असं दिसत न्हाय. वाटेत म्हसळ्याच्या घाटात बंद पडली तर तुला रस्त्यावर बसवून ठेवू काय? पुढच्या दिवाळीला बघू. तू मात्र लिहीत राहा. स्प्रिंगचं लिहून झालं की मला त्या हवेच्या स्क्रूचंही नीट समजून घ्यायचं हाय. आठवड्याला एक पत्र आलं तरी चालेल.

तब्येतीला जप.

हिरामण


॥ श्री ॥

श्रीवर्धन
२५ ऑक्टोबर २०२४

ती. दादास साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी पाठवलेल्या पंपात पडदा नाही.

पडदा नाही, सहा स्क्रू नाहीत, पडद्याखालचं स्प्रिंग नाही. तो दट्ट्याचा पंप आहे. तो हातात धरणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आणि तू तर ड्रायव्हर. तुझं दहा तारखेचं पत्र आलं तेव्हा आधी मला वाटलं, माझं मागणं वाचून तू ते टाळलंस. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग पडद्याची ओळ परत वाचली आणि लक्षात आलं की तू खोकं उघडलेलंच नाहीस.

तेव्हाच लिहायला हवं होतं. पण धीर झाला नाही. खोकं उघड म्हटलं असतं तर तू उघडलं असतंस, माझं पत्र वाचलं असतंस आणि नाही म्हणाला असतास तर? तुझं नुसतं पडद्याचं पत्र तरी येत होतं. म्हणून नसलेला पडदा कसा बसवायचा ते मी तुला पानभर लिहिलं, आणि पोस्टात टाकून आले. यांना कळलं असतं तर कपाळाला हात लावला असता. तूही तो बसवून मोकळा झालास, वर गाडी बांधापर्यंत नेऊन आणलीस. आपण दोघंही म्हातारे झालो, शहाणे काही झालो नाही.

गाडीचं काय झालं ते मी विचारत नाही. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. पण दादा, खोकं उघड. वरच माझं पत्र आहे. पंपाचा मजकूर सोडून दे, त्याच्या खालचं वाच. आणि जे असेल ते लिही.

तुझी,
सगुणा


॥ श्री ॥

खारवाडी
३० ऑक्टोबर २०२४

चि. सगुणा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाडी न्हाय. सहा ऑक्टोबरला रविवारी नेली. निकेतचा काही दोष न्हाय. घटस्थापनेनंतर तीन दिवस त्याने माझ्यासाठी जास्त थांबवलं, मग मीच म्हटलं ने. क्रेनला लावताना मी मडगार्डावर हात ठेवला होता, ती माणसं थांबली, मी हात काढला. दुसऱ्या दिवशी तुझं खोकं आलं. मला ते उघडवेना. पलंगाखाली ढकललं आणि केर काढतानाही तिकडे बघितलं न्हाय. आतला पंप कसा हाय ते मला कुठून माहीत असणार? मी आपला जुनाच पंप आठवून आठवून लिहीत होतो.

खोटं का लिहिलं ते सांगतो. गाडी न्हाय म्हटलं तर मुराळी कशाने येणार, ही एक लाज. पण खरं कारण ते न्हाय. दुरुस्त करायला काही उरलं न्हाय असं तुला कळलं असतं तर तू मला कशाबद्दल लिहिलं असतंस? तू एकदा पान भरून लिहिलंस की ते मला चार दिवस पुरायचं. सकाळी पंपाचा मजकूर वाचायचा, दुपारी बाकीचा. म्हणून रोज अंगणातल्या रिकाम्या जागेकडे बघत बसायचो आणि पुढच्या पत्रात काय बिघडवायचं ते ठरवायचो.

तुझं पत्र काल आलं. खोकं काल उघडलं. पहिल्या तारखेचं पत्र मी तीन आठवडे पलंगाखाली ठेवून त्याच्यावर झोपत होतो, सगुणे. तू तिकडे उत्तराची वाट बघत होतीस आणि मी तुला स्प्रिंगचं विचारत होतो. मला माफ कर. काल दिवसभर मी जेवलो न्हाय, आज सकाळी जेवलो कारण प्रवासाची ताकद पाहिजे.

निकेत दिवाळीला आलाय, त्याला विचारलं. तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं न्हाय, म्हणून त्याने कागदावर लिहून दिलं की आत्यासाठी मधल्या खोलीत पंखा बदलून ठेवतो. गादी उन्हात घातली हाय.

मी पाडव्याला पेणहून एसटीने निघतो. म्हणजे हे पत्र तुला मिळायच्या आधी मीच बहुतेक तुझ्या ओट्यावर बसलेला असेन, तरी लिहितो, कारण तू उत्तर मागितलंस. कंडक्टरची हाक मला ऐकू येणार न्हाय म्हणून श्रीवर्धन असं कागदावर मोठं लिहून घेतलं हाय, ते त्याच्या हातात देईन. मुराळी एसटीने आला म्हणून हसायचं असेल तर हस. तुझी पत्र्याची पेटीही आपण घेऊन येऊ, मी उचलतो.

तुझं सगळं पत्र वाचलं. फक्त पोपटी खाऊन तू परत जाणार अशी एक ओळ त्यात हाय, तेवढी मी वाचलेली न्हाय.

तुझा दादा,
हिरामण